आजार उलटतो तेव्हा : एका नेफ्रॉटिक मुलाची वही

टेबलावर एक दोनशेपानी वही उघडी आहे. पहिल्या पानावर वरती ‘श्री’, खाली मुलाचं नाव आणि मग रोजची एक ओळ : तारीख, लघवी, वजन, गोळी, शेरा. लघवीच्या रकान्यात, म्हणजे लघवीतून प्रथिनं किती जातात त्या रकान्यात, बहुतेक ठिकाणी ‘नील’, म्हणजे काहीच नाही. मधूनच ‘ट्रेस’, मग ‘वन प्लस’, ‘थ्री प्लस’, ‘थ्री प्लस’ आणि शेऱ्यात पेन दाबून लिहिलेला एकच शब्द, ‘सर्दी’. ही वही मुलाच्या आईची. पाच वर्षांत अशा चार वह्या भरल्या. बालरोगतज्ज्ञ म्हणून या मुलाचे सगळे रिपोर्ट माझ्याकडे आहेत, पण त्याच्या आजाराचा स्वभाव मला या वह्यांनी जास्त शिकवला.

मुलाला इथे सोनू म्हणतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन मुलांच्या कागदांतून हे एक प्रकरण जोडलं आहे. आजाराचा क्रम, औषधं आणि अडचणी मात्र आमच्याकडे नेहमी दिसतात तशाच ठेवल्या आहेत.

सोनू पहिल्यांदा आला तेव्हा ४ वर्षांचा होता. वडील टेम्पो चालवतात, आई अंगणवाडीत मदतनीस. आठ-दहा दिवस सकाळी उठल्यावर त्याचे डोळे सुजलेले दिसायचे आणि दुपारपर्यंत उतरायचे. कोणी म्हणालं डास चावला, कोणी ॲलर्जीचं सिरप दिलं, एका ठिकाणी डोळ्यांत घालायचे थेंब मिळाले. आजी खूश होती, पोराने बाळसं धरलं म्हणून. मग चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ कमरेवर संध्याकाळपर्यंत राहू लागला, पोट फुगलं, आणि आईला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच : “डॉक्टर, लघवीला साबणासारखा फेस येतो.” अंगणवाडीत मुलांची वजनं तीच घेते. महिन्यापूर्वी १५ किलो भरलेला मुलगा आता जवळजवळ १८ किलो होता, आणि जेवत मात्र काहीच नव्हता. हे वजन पाण्याचं आहे हे तिने आमच्या आधी ओळखलं होतं.

परीक्षानळीतली लघवी तापवली, आम्लाचे दोन थेंब टाकले आणि नळीत दही लागल्यासारखं झालं. प्रथिनं फोर प्लस. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरून १.४ ग्रॅम, कोलेस्टेरॉल ४००च्या वर, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनीन अगदी व्यवस्थित, रक्तदाब व्यवस्थित, लघवीत रक्त नाही. हा नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतून रक्तातली प्रथिनं लघवीत वाहून जाण्याचा आजार. या वयात, या चित्रात सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायची गरज नसते. १९६०च्या दशकापासून अनेक देशांतल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन अशा ५२१ मुलांचे तुकडे तपासले, तेव्हा ७६ टक्क्यांहून अधिक मुलांत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काहीच बिघाड दिसला नाही. म्हणून नाव पडलं ‘मिनिमल चेंज’, अगदी किरकोळ बदल. आणि त्या गटातली ९३ टक्के मुलं स्टेरॉइडने आठ आठवड्यांच्या आत बरी झाली. तेव्हापासून सुईऐवजी आधी गोळी, हा शिरस्ता झाला.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे सोनूला रोज ३० मिलिग्रॅम. सहा आठवडे रोज, मग दीड मिलिग्रॅमच्या हिशेबाने सहा आठवडे एक दिवसाआड. वहीत अकराव्या दिवशी पहिलं ‘नील’ आहे. शेजारी तिने कुंकवाचं बोट उमटवलं आहे.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक मुलांची सारखीच असते. खरं प्रकरण पुढे सुरू होतं, पण त्याआधी हे सांगितलं पाहिजे की सोनूचं मूत्रपिंड तेव्हाही चांगलं काम करत होतं आणि आजही करतं. फाटली होती ती फक्त गाळणी, आणि ती फाडणारा हात रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा होता. घरच्यांचं सगळं लक्ष मात्र पाणी किती द्यायचं, मीठ किती, डाळ बंद करायची का, यावर होतं. सूज असताना मीठ कमी करणं बरोबरच आहे. डाळ बंद करायचं काहीच कारण नाही. पण पथ्य पाळूनही आजार उलटला की आई स्वतःला दोष देते, आणि ते मला बघवत नाही. म्हणून पेशींची गोष्ट मी प्रत्येक घराला सविस्तर सांगतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, आणि त्याला बाहेरून मिठी मारून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी. या पेशींना बारीक बारीक पावलं असतात आणि शेजारशेजारच्या दोन पेशींची पावलं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशी गुंतलेली असतात. बोटांमधली फट सुमारे ४० नॅनोमीटरची. त्या फटीवर प्रथिनांचं जाळं विणलेलं असतं. या जाळ्याचा मुख्य धागा नेफ्रिन. फिनलंडमध्ये काही बाळं जन्मतःच अंगावर सूज घेऊन येत, त्यांच्या जनुकांचा माग काढताना १९९८ साली कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाला हा धागा सापडला. त्या बाळांत तो मुळातूनच नीट विणला जात नव्हता. सोनूत धागा शाबूत होता, निदान आजारी पडेपर्यंत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अशा मुलांची गाळणी पाहिली तर बोटं गुंतलेली दिसत नाहीत; सगळी पसरट होऊन एकमेकांत मिसळल्यासारखी दिसतात. स्टेरॉइड लागू पडलं की काही दिवसांत ती पुन्हा सुटी होतात. एवढं मोडलेलं काहीतरी इतक्या लवकर पूर्ववत होतं, हे मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

पण मोडतं कोण? याचा पहिला मोठा धागा गोवराने दिला.

स्टेरॉइड येण्याआधी डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की नेफ्रॉटिक मुलाला गोवर आला की कधी कधी सूज उतरते, लघवीतली प्रथिनं थांबतात. १९४०च्या दशकात काही ठिकाणी तर उपचार म्हणून अशा मुलांना मुद्दाम गोवराची लागण करून पाहिली गेली. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. पण दुसरा कुठलाच इलाज नव्हता आणि ही मुलं जंतुसंसर्गाने जात होती. गोवर शरीराची रोगप्रतिकारशक्ती काही आठवडे दडपून टाकतो, हे त्याआधीच माहीत होतं. १९०८ साली फॉन पिर्के यांनी दाखवलं होतं की गोवर अंगावर असताना क्षयाची त्वचा-चाचणी उमटत नाही. १९७४ साली शालहूब या डॉक्टरांनी या सुट्या खुणा एकत्र मांडल्या. गोवराने आजार मागे हटतो. रोगप्रतिकारक पेशींना दाबणारी औषधं, म्हणजे स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड, लागू पडतात. हॉजकिन या लिम्फ ग्रंथींच्या कर्करोगाबरोबर कधी हाच आजार दिसतो. आणि गाळणीत प्रतिपिंडांचे साठे सापडत नाहीत. त्यांनी बोट दाखवलं ते पांढऱ्या पेशींतल्या टी पेशींकडे. त्या रक्तात असं काहीतरी सोडत असाव्यात, की ज्याने गाळणी सैल होते. पुढची कित्येक दशकं सगळे त्या ‘काहीतरी’च्या शोधात होते.

सोनूकडे परत येतो. पावसाळ्यात सुरू झालेला उपचार आश्विनात संपला. मार्गशीर्षात सर्दी झाली आणि चौथ्या दिवशी वहीत ‘थ्री प्लस’. पुन्हा रोजची गोळी, सलग तीन दिवस ‘नील’ येईपर्यंत, मग महिनाभर एक दिवसाआड. गोळी थांबली आणि नवव्या दिवशी आजार पुन्हा उलटला. पुढच्या वेळी तर एक दिवसाआडची गोळी चालू असतानाच. स्टेरॉइड चालू असताना किंवा थांबवल्यापासून १४ दिवसांच्या आत लागोपाठ दोनदा उलटला, की त्याला स्टेरॉइडवर अवलंबून असलेला आजार म्हणतात. सोनू वर्षाच्या आतच तिथे पोहोचला होता. चेहरा गोल, गाल लाल, पाठीवर लव, भूक अशी की रात्री उठून डबा शोधायचा. शाळेत मुलं ‘भोपळा’ म्हणायची. उंचीची रेघ वर्षभर जागची हलली नाही.

पाचव्या वर्षी, सूज असतानाच ताप आणि पोटदुखी सुरू झाली. पोटाला हात लावू देईना. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग, म्हणजे पेरिटोनायटिस, या मुलांचा जुना वैरी. दहा दिवस शिरेतून प्रतिजैविक द्यावं लागलं. आजाराची ही बाजू लोकांना फार चमत्कारिक वाटते : ज्या रोगप्रतिकारशक्तीला आवरायचं, तीच इतकी दुबळी कशी? कारण फाटक्या गाळणीतून अल्ब्युमिनबरोबर जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं आणि त्यांच्या मदतीची प्रथिनंही वाहून जातात. वरून स्टेरॉइड. न्यूमोकोकस जंतूला एवढी वाट पुरते. त्यानंतर त्याचं लसीकरण आम्ही पूर्ण केलं. आधीच करायला हवं होतं.

सर्दीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र साधा नव्हता. आई रोज विचारायची, “नाक वाहायला लागलं की लगेच गोळी वाढवू का?” एक दिवसाआड गोळी चालू असलेल्या मुलांना संसर्गाच्या काळात ती रोज दिली तर आजार कमी उलटतो, असं २०११ साली दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं, आणि आपण बरीच वर्षं त्यावर चाललो. पुढे ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. सर्दी सुरू होताच सहा दिवस रोज छोटा डोस. २०२२ साली निकाल आला, काही फरक पडला नाही. दोन्ही चाचण्यांतली मुलं आणि त्यांचा आजार किती जोराचा होता हे सारखं नव्हतं, त्यामुळे एक खरी आणि दुसरी खोटी असं मी मानत नाही. सोनूसारख्या, गोळी घेत असतानाही उलटणाऱ्या मुलाला तापाच्या संसर्गात मी ती तेवढ्यापुरती रोज करतो. नुसतं नाक वाहतंय म्हणून करत नाही.

स्टेरॉइड कमी करायचं म्हणून आधी लेव्हामिसोल दिलं. आईने पाकीट वाचून विचारलं, “हे तर जंताचं औषध ना?” जंताचंच. पण टी पेशींचं वागणं ते थोडं वळणावर आणतं, हे योगायोगाने कळलेलं आहे. वर्षभरात उलटण्याची संख्या घटली, थांबली नाही. मग मायकोफेनोलेट, रोगप्रतिकारक पेशींना दाबणारं औषध. दोन वर्षं बरी गेली, पण गोळी शून्यावर आली की महिन्या-दीड महिन्यात वहीत पुन्हा तोच शब्द, सर्दी.

आठव्या वर्षी त्याला शहरातल्या मुलांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठवलं आणि रिटुक्सिमॅबचा निर्णय झाला.

हे औषध या आजारासाठी तयार झालं नव्हतं. १९९७ साली अमेरिकेत ते लिम्फोमासाठी मंजूर झालं. बी पेशी या पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार. त्यांच्या अंगावर सीडी२० नावाची खूण असते, ती पकडून हे औषध त्या पेशी संपवतं. २००४ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी एका १६ वर्षांच्या मुलाचा अनुभव छापला. त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोमही होता आणि रक्तातल्या प्लेटलेट घटण्याचा आजारही. प्लेटलेटसाठी रिटुक्सिमॅब दिलं आणि त्याच्या नेफ्रॉटिक आजाराचा मार्गच बदलला. इथे मोठं कोडं उभं राहिलं. शालहूब यांनी दोष दिला होता टी पेशींना, आणि आजार आवरला बी पेशी काढल्यावर! पुढे जपानमध्ये ४८ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २०१४ साली छापलेल्या निकालात औषध मिळालेल्यांना आजार न उलटता मध्यमानाने २६७ दिवस मिळाले, न मिळालेल्यांना १०१. कोलकात्यात १२० मुलांवर रिटुक्सिमॅबची टॅक्रोलिमस या रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाशी तुलना झाली. २०१८च्या त्या निकालात वर्षभर आजार न उलटलेली मुलं रिटुक्सिमॅबच्या गटात ९० टक्के, टॅक्रोलिमसच्या गटात सुमारे ६३ टक्के होती. ही मुलं आपल्यासारख्याच घरांतली, म्हणून हा आकडा मला जास्त जवळचा. शिवाय २००७ पासून भारतात या औषधाची देशी आवृत्ती मिळते. नाहीतर टेम्पो चालवणाऱ्या बापापुढे हा विषय काढण्यातही अर्थ नव्हता.

बी पेशी प्रतिपिंडं बनवतात. मग गाळणीविरुद्धचं प्रतिपिंड कुठे होतं? उत्तर बरंच उशिरा आलं. २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांना मिनिमल चेंजच्या काही रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, आणि २०२४ साली हॅम्बुर्गच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात १८२ मुलांपैकी ९४ जणांत. आजार जोरात असलेल्या आणि औषध सुरू न झालेल्या मुलांत तर ९० टक्क्यांत. उंदरांना नेफ्रिन टोचून तशी प्रतिपिंडं बनवायला लावली, तेव्हा त्यांनाही अशाच प्रकारचा आजार झाला. म्हणजे जाळ्याच्या त्याच धाग्यावर शरीराचं स्वतःचं प्रतिपिंड जाऊन चिकटतं, धागा पेशीच्या आत ओढला जातो आणि गुंतलेली बोटं पसरट होतात. पन्नास वर्षं ज्या ‘काहीतरी’चा शोध चालला होता, त्याचा निदान एक मोठा भाग हाती आला. टी पेशी मात्र यामुळे निर्दोष सुटत नाहीत. बी पेशीला असं प्रतिपिंड बनवायला मदत टी पेशीच करते. श्रीलंकेतल्या मुलांच्या अभ्यासात या आजाराशी जोडलेली जी जनुकं सापडली, त्यांतलं एक टी पेशींपुढे ओळखपत्र धरणाऱ्या एचएलए रेणूंचं आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांत हा आजार युरोपीय मुलांपेक्षा कित्येक पट जास्त दिसतो, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या घरांतही. लेस्टर भागातल्या नोंदींनी हे १९८०च्या दशकातच दाखवलं होतं.

आणखी एक गुंता सांगतो, कारण तो लपवला तर गोष्ट खोटी होईल. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसच्या जातीची औषधं रोगप्रतिकारक पेशींना तर दाबतातच, पण थेट पोडोसाइटच्या आतला सांगाडाही सावरतात. त्यामुळे औषध लागू पडलं म्हणजे दोष नक्की पेशींचाच, असा उलटा तर्क प्रत्येक मुलात चालत नाही.

सोनूला आठवड्याच्या अंतराने दोन डोस दिले. आधी कावीळ-बी आणि क्षयाची तपासणी केली, राहिलेल्या लशी दिल्या. महिन्याभराने बी पेशींची मोजणी, म्हणजे सीडी१९, शून्य. तीन महिन्यांत स्टेरॉइड पूर्ण बंद. वहीत त्या पानावर ‘गोळी’चा रकाना पहिल्यांदा मोकळा आहे आणि तिने पुढे तो आखणंच सोडलं. वर्षभरात सोनू जवळजवळ ७ सेंटीमीटर वाढला.

त्याच महिन्यांत वॉर्डात त्याच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. वय ६. सहा आठवडे स्टेरॉइड घेऊनही तिचं ‘फोर प्लस’ हटलं नाही. तिच्या तुकड्यात गाळणीवर व्रण होते, एफएसजीएस. मूत्रपिंड निकामी होण्याची भीती खरी असते ती या मुलांत. पोडोसाइट पेशी जवळजवळ पुन्हा निर्माण होत नाहीत. एक गळाली की तिची जागा व्रण घेतो. सतत प्रथिनं झिरपत राहिली की गाळणीच्या पुढच्या नळ्यांतल्या पेशी चिडतात आणि रक्तातल्या पेशींना हाका मारतात. मॅक्रोफेज आणि टी पेशी तिथे जमतात. मॅक्रोफेजचं काम मोडलेलं साफ करून डागडुजी करायचं, पण आग विझतच नसेल तर डागडुजी तंतूंच्या थरांत बदलते आणि निरोगी नळ्याही त्यात आवळल्या जातात. म्हणजे सोनूत पेशींनी लांबून धागा उसवला होता, आणि या मुलीत त्या मूत्रपिंडाच्या आत तळ ठोकून बसल्या होत्या. शिवाय स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या मुलांपैकी जवळपास ३० टक्क्यांत मूळ दोष जनुकात सापडतो. तिथे रोगप्रतिकारक पेशी दाबून हाती फारसं काही लागत नाही, उलट संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून तिची जनुकीय तपासणी आधी केली. तिच्यात दोष निघाला नाही आणि टॅक्रोलिमसवर ती सहा महिन्यांत ‘वन प्लस’वर आली. तिच्या आईने वही सोनूच्या आईकडे बघून आखली होती.

सोनूच्या बी पेशी आठव्या महिन्यात परतल्या. त्या परतणारच असतात. अडचण परतण्याची नसते, त्यातल्या जुन्या आठवणीच्या पेशींची असते. एकदा शिकलेलं विसरत नाहीत म्हणून तर लस काम करते. चुकीचं शिकलेलंही त्या तितक्याच निष्ठेने जपतात. रोममधल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की रिटुक्सिमॅबनंतर या स्मृती-बी पेशी लवकर भरून आल्या, तर आजार उलटण्याची शक्यता जास्त. सोनूच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “म्हणजे मी त्याला दही दिलं म्हणून नव्हतं ते.” चार वर्षं ती हे मनात धरून होती. पहिल्यांदा उलटलं त्याच्या आदल्या दिवशी तिने त्याला दहीभात भरवला होता. त्या पानावर शेऱ्यात, ‘सर्दी’च्या खाली, खोडलेली एक ओळ आहे, मला ती कधी वाचता आली नव्हती.

चौदाव्या महिन्यात, गणपतीच्या गर्दीनंतर, सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी ट्रेस, चौथ्या दिवशी थ्री प्लस. या वेळी सूज यायच्या आत ती वही घेऊन आली होती. नऊ दिवसांत ‘नील’. पुढचा डोस द्यायचा का, यावर आम्ही अजून घाई केलेली नाही. लहान वयात हे औषध वारंवार दिलं तर काही मुलांत चांगली प्रतिपिंडंही दीर्घकाळ कमी राहतात, आणि सोनूचं आयजीजी, म्हणजे अशा प्रतिपिंडांचं मोजमाप, आत्ता खालच्या कडेला आहे. ते दर तीन महिन्यांनी बघायचं, फ्लूची लस दरवर्षी, जिवंत जंतूंची कुठलीही लस मला विचारल्याशिवाय नाही. नेफ्रिनविरुद्धच्या प्रतिपिंडाची तपासणी त्याची झालेली नाही. ती नेहमीच्या वापरात आली, तर आजार उलटण्याआधीच कळेल अशी मला आशा आहे. तोवर सकाळची नळी, चिमटा आणि गॅसची बारीक ज्योत.

आता नळी सोनू स्वतःच धरतो. आजच्या तारखेपुढचं ‘नील’ त्याच्या अक्षरातलं आहे.